खंडप्राय देश, सोळा दिवसांत

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला एक प्रवासवर्णनकार पाहुणे म्हणून आले होते. त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. गृहस्थ सज्जन आहेत आणि या लेखातले मुख्य आरोपी ते नव्हेतच. ब्राझीलमधले आपले सोळा दिवस त्यांनी तासाभरात पडद्यावर दाखवले. रिओच्या डोंगरावरचा ख्रिस्त, इग्वासूचा धबधबा, मानाउसचे नाट्यगृह, ॲमेझॉनवरची बोट आणि शेवटी साल्व्हादोरच्या रंगीत गल्ल्या. प्रत्येक चित्राबरोबर एक वाक्य येत होते आणि प्रत्येक वाक्यात एक शब्द हटकून येत होता : विविधता. निसर्गाची विविधता, वंशांची विविधता, खाद्यपदार्थांची विविधता. ‘विविधतेने नटलेला हा खंडप्राय देश’ हा शब्दसमूह तासाभरात किती वेळा आला, हे मागच्या बाकांवरच्या मुलींनी वहीत रेघा मारून मोजल्याचे आम्हांला नंतर कळले.

प्रश्नोत्तरांच्या वेळी एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी उठला. बीड जिल्ह्यातला, आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. त्याने विचारले, “सर, तिथं दुष्काळ पडतो का?” सभागृहात थोडे हसू पिकले. पाहुणे प्रेमाने म्हणाले, “अहो, तिथे ॲमेझॉन आहे! पाणीच पाणी.” टाळ्या पडल्या. मुलगा खाली बसला. आम्ही मराठीचे तिघेही अध्यापक व्यासपीठावर होतो, आम्हीही हसलो. पुढे आभार मानताना ‘ब्राझीलची विविधता पाहुण्यांनी आपल्या डोळ्यांसमोर साक्षात उभी केली’ हे वाक्य आमच्यापैकीच एकाने उच्चारले.

पाहुण्यांचे उत्तर चूक होते. ब्राझीलच्या ईशान्येला ‘सेर्ताओ’ नावाचा एक विस्तीर्ण कोरडा प्रदेश आहे. तिथले खुरटे, काटेरी रान पावसाळा सरला की पाने गाळते आणि राखाडी-पांढरे दिसू लागते, म्हणून तुपी भाषेतून त्याला ‘कातिंगा’, म्हणजे पांढरे रान, असे नाव पडले. देशाचा साधारण एक दशांश भाग या रानाने व्यापला आहे. तिथे दुष्काळ पडतो, वारंवार पडतो. आणि आधुनिक ब्राझिलियन साहित्याचा मोठा आणि बलदंड भाग त्या दुष्काळातून आलेला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारावा असा नेमका प्रश्न त्या मुलाने विचारला होता. उत्तर पाहुण्यांना ठाऊक नव्हते हे क्षम्य आहे. आम्हांलाही ठाऊक नव्हते आणि तरी आम्ही हसलो, हे क्षम्य नाही. त्यानंतर वर्षभर जे वाचले त्यातून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम त्या शब्दसमूहाकडे पाहू. आमचा व्यवसाय शब्दांचा आहे. ‘नटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. देश विविधतेने ‘नटलेला’ असतो, म्हणजे तो आपला आपणच नटून बसलेला असतो. कोणी नटवले, कशासाठी नटवले, नटवताना कोणाच्या अंगावरचे उतरवून घेतले, हे प्रश्न हे क्रियापद उद्भवूच देत नाही. त्याचे भाऊबंदही असेच आहेत : पसरलेले अरण्य, वसलेले शहर, ओसंडणारा उत्साह. मराठी प्रवासवर्णनाच्या पानापानावर ही कर्ता गिळणारी क्रियापदे भेटतात. ‘विविधता’ ही तर त्यांची कुलस्वामिनीच. ती म्हटली की निरनिराळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडता येतात. एकीचा दुसरीशी काय संबंध हे सांगण्याचे बंधन राहत नाही. रिओ हे एक प्रकरण, ॲमेझॉन हे दुसरे. मधल्या हजारो किलोमीटरांवरून विमान उडते आणि प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानांत देश नाहीसा होतो.

आमचे म्हणणे असे आहे की ब्राझीलमधली ही ‘निरनिराळी’ स्थळे निरनिराळी नाहीत. एक दुसऱ्याचे कारण आहे. म्हणून पाहुण्यांच्याच वाटेने, पण विमानाने नव्हे, एकदा जाऊन पाहू.

रिओमध्ये ख्रिस्ताचा पुतळा ज्या डोंगरावर आहे त्याच्या अवतीभवती तिझुकाचे दाट अरण्य आहे. महानगराच्या कुशीत एवढे अस्सल जंगल कसे टिकले, याचे कौतुक प्रत्येक जण करतो. पण ते टिकलेले नाही. ते लावलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉफीच्या मळ्यांसाठी हे उतार तोडून बोडके केले गेले. झरे आटले, शहराला पाण्याची टंचाई जाणवू लागली. तेव्हा १८६१ साली सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या सरकारने डोंगर पुन्हा झाडांनी झाकण्याचे ठरवले आणि मेजर मानुएल आर्चर यांच्याकडे ते काम सोपवले. त्यांच्या हाताखाली आरंभी खड्डे खणायला आणि रोपे लावायला होते ते मूठभर गुलाम. म्हणजे तोडलेही गुलामांच्या हातांनी आणि लावलेही गुलामांच्याच हातांनी. या जंगलाला ‘निसर्गाचे वरदान’ म्हणणे हा निसर्गाचा गौरव नव्हे. तो त्या हातांचा अपमान आहे.

त्याच रिओमध्ये डोंगरउतारांवर चढत गेलेल्या वस्त्या दिसतात. त्यांचे छायाचित्र दुरून आणि संध्याकाळी काढायचे असते, कारण तेव्हा दिवे लुकलुकतात. या वस्त्यांना ‘फावेला’ म्हणतात, हे आपल्याकडे आता सर्वांना ठाऊक आहे. मुळात ते सेर्ताओमधल्या एका काटेरी झाडाचे नाव आहे, हे मात्र प्रवासवर्णनात सहसा येत नाही. झाडाचे नाव समुद्रकाठच्या शहरात कसे आले, ही कथा सांगण्यासारखी आहे.

बाहिया प्रांताच्या कोरड्या अंतर्भागात आंतोनियो कोन्सेलेइरो नावाच्या एका फिरत्या धर्मोपदेशकाभोवती १८९३पासून कानूदोस ही वस्ती उभी राहिली. भूमिहीन, दुष्काळाने हुसकलेले, नुकतेच दास्यमुक्त झालेले लोक तिथे जमले. अखेरीस सैन्याने मोजली तेव्हा पाच हजारांवर घरे भरली. नव्याने स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाला या कंगालांत राजेशाहीचा कट दिसला. एकामागून एक चार मोहिमा पाठवल्या गेल्या. पहिल्या तीन हरल्या. चौथ्या मोहिमेने ऑक्टोबर १८९७मध्ये वस्तीचा संपूर्ण नाश केला. कानूदोससमोरच्या एका टेकडीला त्या झाडांवरून फावेला हे नाव होते आणि सैन्याचा तळ तिथे पडला होता. लढाईवरून परतलेल्या सैनिकांना सरकारने घरे दिली नाहीत, तेव्हा ते रिओच्या प्रोव्हिदेन्सिया टेकडीवर झोपड्या बांधून राहिले आणि त्या टेकडीला लोक फावेला म्हणू लागले. गरिबांचे गाव जाळायला पाठवलेले गरीब परत आले आणि स्वतःच बेघर झाले. त्यांच्याबरोबर शब्द आला. पाहुण्यांच्या पडद्यावर जे लुकलुकत होते ते हे.

या युद्धाचा वार्ताहर म्हणून साओ पाउलोच्या एका दैनिकाने एउक्लिदेस दा कुन्या या अभियंत्याला पाठवले होते. तो निघाला तेव्हा प्रजासत्ताकाचा कट्टर भक्त होता. परत आल्यावर पाच वर्षांनी, १९०२ साली, त्याने ‘ओस सेर्तोइंस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे तीन भाग : भूमी, माणूस, लढा. त्यात त्या काळचे वंशशास्त्राचे खुळचट सिद्धांत आहेत, वाचताना राग येतो; पण आपण ज्याला रानटीपणाविरुद्ध संस्कृतीची मोहीम म्हणत होतो तो गुन्हा होता, हा निष्कर्ष लेखकाच्या डोळ्यांदेखत आकार घेतो. जे पाहिले त्याने पाहणारा बदलला. आमच्या मते प्रवासवर्णनाची याहून वेगळी कसोटी नाही. आपल्या किती प्रवासवर्णनांचा निवेदक शेवटच्या पानावर पहिल्या पानावरचाच असतो, फक्त थोडा थकलेला आणि घरच्या वरणभातासाठी आसुसलेला, हे ज्याचे त्याने तपासावे.

कानूदोसचे जे उरले होते ते १९६०च्या दशकाअखेरीस धरणाच्या पाण्याखाली गेले. मोठा दुष्काळ पडला की त्या जलाशयातून अवशेष वर येतात.

आता दुष्काळाकडे, म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. १८७७ ते १८७९ ही तीन वर्षे ब्राझीलच्या ईशान्येत, विशेषतः सेआरा प्रांतात, ‘महादुष्काळ’ म्हणून ओळखली जातात. गावेच्या गावे समुद्राकडे चालू लागली. फोर्तालेझा शहरात मूळ वस्तीच्या कित्येक पट निर्वासित जमले, आणि १८७८ साली त्यांच्यात देवीची साथ आली. मेलेल्यांची संख्या लाखांत होती. तारखा वाचून मराठी वाचकाने थबकायला हवे. १८७६ ते १८७८ हा आपल्या दख्खनच्या दुष्काळाचा काळ. सावित्रीबाईंनी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले तो १८७७चा एप्रिल. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांत माणसे मरत होती आणि रिचर्ड टेंपलसाहेब दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाकाठी किती धान्य पुरेल याची काटकसर करत होते. प्रशांत महासागराच्या पाण्यातला एकच बिघाड, ज्याला आज आपण एल निनो म्हणतो, दोन्हीकडचा पाऊस घेऊन गेला होता. माइक डेव्हिस यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे दोन्ही दुष्काळ एकाच कथेचे भाग म्हणून मांडले आणि दोन्हीकडे पावसाइतकाच राज्यकर्त्यांच्या अर्थशास्त्राचा हात होता, हेही दाखवले.

म्हणजे बीडच्या मुलाने बाहेरचा प्रश्न विचारलाच नव्हता. तो ब्राझीलबद्दल आणि स्वतःबद्दल एकाच वाक्यात बोलत होता. त्या व्यासपीठावर एवढे जाणणारा एकही मास्तर असता तर ते हसू पिकले नसते.

सेआरातून निघालेली ही माणसे गेली कुठे? पुष्कळशी ॲमेझॉनमध्ये. तिथे रबराची भरभराट सुरू होत होती आणि चीक काढायला हात हवे होते. रबर काढणारा मजूर जंगलात पोचायच्या आधीच कर्जबाजारी झालेला असे. बोटीचे भाडे, कोयता, बंदूक, पीठ, सारे मालकाकडून उधार आणि मालकाच्या भावाने. रबरही मालकालाच विकायचे आणि तेही मालकाच्याच भावाने. आपल्याकडे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या कोयत्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. (‘कोयता’ हा शब्द आम्ही येथे अवजारासाठी वापरलेला नाही, हे ऊसपट्ट्यातले वाचक ओळखतील. नवराबायकोच्या जोडीलाच तो शब्द आहे.) कानूदोसचा वार्ताहर एउक्लिदेस पुढे १९०५ साली सीमा ठरवणाऱ्या सरकारी मोहिमेचा प्रमुख म्हणून याच जंगलात गेला. तिथे त्याला भेटली ती पुन्हा सेर्ताओचीच माणसे. या वेळी पाण्याने वेढलेली.

मानाउसचे ते प्रसिद्ध नाट्यगृह या चिकावर उभे आहे. युरोपातून आणलेला संगमरवर, झुंबरे, घुमटावर राष्ट्रध्वजाच्या रंगांची कौले; उद्घाटन ३१ डिसेंबर १८९६. त्याआधी महिनाभर कानूदोसची पहिली चकमक झडली होती. ज्या प्रदेशाने आपली दुष्काळग्रस्त माणसे पाठवून हे नाट्यगृह शक्य केले, त्याच प्रदेशात मागे राहिलेल्यांवर सरकारने बंदुका रोखल्या होत्या, आणि इकडे पडदा वर जात होता. या दोन घटना एका परिच्छेदात आणायला सोळा दिवस लागत नाहीत, चार पुस्तके लागतात. आपल्या प्रवासवर्णनांत मानाउसला येते ते ‘घनदाट अरण्यात ऑपेरा, केवढा हा विरोधाभास!’ एवढेच उद्गारवाक्य. विरोधाभास कुठे आहे? याहून सरळ सुसंगती क्वचितच पाहायला मिळेल.

इग्वासूबद्दल फार लिहीत नाही. धबधबा भव्य आहे आणि त्याचे वर्णन करताना मराठी लेखकांची विशेषणे संपतात, ही एक चांगलीच गोष्ट झाली. एवढेच नोंदवतो की तिथून फार दूर नसलेल्या पाराना नदीवर ‘सेत केदास’ नावाचा, पाण्याच्या प्रमाणात जगातल्या सर्वांत मोठ्या धबधब्यांपैकी एक असलेला प्रपात होता. इताइपू धरणासाठी तो ऑक्टोबर १९८२मध्ये बुडवला गेला. त्याच वर्षी त्याला शेवटचे पाहून घ्यायला आलेल्या लोकांच्या भाराने झुलता पूल तुटून माणसे दगावली. कार्लोस द्रुमोंद द आंद्रादे या थोर कवीने त्या धबधब्याला निरोप देणारी कविता वर्तमानपत्रात लिहिली. धरण आजही सहलीच्या कार्यक्रमात असते, अभियांत्रिकीचे आश्चर्य म्हणून. जे बुडाले ते अर्थातच कार्यक्रमात नसते.

साल्व्हादोरचे मात्र नीट पाहायला हवे, कारण तिथे मराठी लेखकाचे ऊर भरून येते. तिथल्या कार्निव्हलमध्ये शुभ्र पोशाख आणि फेटे घातलेल्या पुरुषांचा प्रचंड जथा निघतो; त्याचे नाव ‘फिल्योस दे गांधी’, गांधीपुत्र. बंदरातल्या गोदी कामगारांनी १९४९ साली, गांधीजींच्या हत्येच्या दुसऱ्या वर्षी, तो सुरू केला. ‘सातासमुद्रापार बापू!’ असे शीर्षक देऊन आपला लेखक तिथे थांबतो. त्या कामगारांना गांधींचे नाव का घ्यावेसे वाटले, ते बहुतांशी कृष्णवर्णीय का होते, आफ्रिकन देवतांची गाणी रस्त्यावर म्हणणाऱ्यांवर तिथे पोलिसी दडपण असताना शांततेच्या दूताचे नाव त्यांना कसे उपयोगी पडले असेल, इकडे त्याचा रोख जात नाही. आणि तो जथा ज्या परिसरातून फिरतो त्या रंगीत गल्ल्यांचे नाव पेलोरिन्यो. त्याचा अर्थ : फटके मारण्याचा खांब. गुलामांना तिथे जाहीर फटके मारत. १९९०च्या दशकात या भागाला रंगरंगोटी करताना तिथल्या गरीब कृष्णवर्णीय रहिवाशांना मोठ्या संख्येने हलवण्यात आले, मग पर्यटक आले.

ब्राझीलमध्ये अंदाजे अठ्ठेचाळीस लाख आफ्रिकन माणसे गुलाम म्हणून उतरवली गेली, उत्तर अमेरिकेच्या कित्येक पट. ज्या वालोंगो धक्क्यावर त्यांतले लाखो उतरले तो रिओमध्ये गाडला गेला होता; २०११ साली बंदराच्या खोदकामात पुन्हा सापडला आणि २०१७ साली जागतिक वारसास्थळ ठरला. अमेरिका खंडात गुलामगिरी सर्वांत शेवटी रद्द केली ती ब्राझीलने, १३ मे १८८८ रोजी. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या दास्यविमोचन करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले तेव्हा ब्राझीलमध्ये बाजार चालूच होता. पुण्यात बसून, दक्षिण अमेरिका सोडाच, उत्तर अमेरिकाही न पाहिलेल्या एका माणसाला त्या खंडाशी आपला संबंध काय हे कळले. पेलोरिन्योत उभे राहून छायाचित्र काढणाऱ्या त्याच्या भाषाबंधूला ते दीडशे वर्षांनी कळू नये, याला आम्ही काय म्हणावे?

येथे सेआराचा आणखी एक धागा जोडायला हवा. महादुष्काळानंतर तिथले मालक आपले गुलाम दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांना विकू लागले. माणसे जहाजापर्यंत न्यायला ‘जांगादा’ नावाचे लाकडी तराफे लागत. १८८१ साली फोर्तालेझाच्या तराफेवाल्यांनी गुलाम वाहून न्यायला नकार दिला. १८८४मध्ये, देशाच्या चार वर्षे आधी, सेआराने गुलामगिरी रद्द केली. हे तराफे आजही तिथल्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून आणतात.

एक अभिमान अजून राहिला. ‘ब्राझीलमध्ये आपल्या गाई आहेत’ हे वाक्य आम्ही कित्येक ठिकाणी वाचले आहे, आणि ते खरे आहे. तिथल्या वीस कोटींहून अधिक गुरांत वशिंडाच्या गुरांचा वाटा फार मोठा आहे. ओंगोल जातीला तिथे नेलोर म्हणतात, गीरला गीरच, कांकरेजला गुझेरा. पण आपली गाय तिथे गोठ्यात पूजेला बांधलेली नाही. ती मांसासाठी आहे आणि ॲमेझॉनचे जंगल ज्या कारणांसाठी सर्वाधिक तुटते त्यांत कुरण हे पहिले आहे. पाहुण्यांनी एकाच तासात ॲमेझॉनच्या नाशाबद्दल हळहळ आणि गीर गाईबद्दल अभिमान व्यक्त केला. दोन चित्रांच्या मध्ये विमान उडाले होते.

आता आक्षेप. पहिला ठरलेला : तुम्ही ब्राझीलला गेला आहात का? नाही. प्राध्यापकाच्या पगारात जाता येते, आम्ही गेलो नाही एवढेच. पण प्रवासवर्णनाचा वाचक हा व्याख्येनेच न गेलेला असतो. त्याला फसवले जात असेल तर बोलण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : प्रवासवर्णन म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, ते आनंदासाठी असते, प्रत्येक धबधब्याखाली प्रेत शोधणारी दृष्टी ही रोगट दृष्टी होय. यात तथ्य आहे. आम्हांलाही सतत कण्हणारे प्रवासवर्णन नको. पण आनंद आणि अज्ञान यांची गाठ कोणी मारली? मारियो द आंद्रादे हा ब्राझीलचाच कवी १९२७ साली ॲमेझॉनच्या सफरीला गेला. त्याच्या रोजनिशीचे नाव ‘शिकाऊ पर्यटक’ असे आहे. तो गमती करतो, थापा मारतो, स्वतःची फजिती सांगतो, आणि नावातच कबूल करतो की आपल्याच देशात आपण उमेदवार आहोत. आपल्याकडचे सोळा दिवसांचे पर्यटक परततात ते थेट तज्ज्ञ होऊन.

आणि हा रोग परका नाही, आपल्यातल्याच थोरांनाही तो झालेला आहे, असेही कोणी म्हणेल. खरेच आहे. श्टेफान झ्वाइगसारखा लेखक नाझींपासून पळत ब्राझीलला आला आणि १९४१ साली त्याने त्या देशाला भविष्याची भूमी ठरवणारे पुस्तक लिहिले. वंशभेदाचा प्रश्न तिथे सुटल्यासारखाच आहे, असे त्याला वाटले. तेव्हा वार्गासची हुकूमशाही चालू होती. युरोपात जळणाऱ्या माणसाला सावली दिसली की तो झाड कोणाचे हे विचारत नाही, हे समजू शकते. पुढच्याच फेब्रुवारीत पेत्रोपोलिसला त्याने आत्महत्या केली. विविधतेचे गोडवे तिथली राज्यसंस्थाही गात आली आहे. जिल्बेर्तो फ्रेइरे यांच्या १९३३च्या ग्रंथापासून वंशमिश्रणाचे कौतुक ही तिथली अधिकृत देशभक्तीच होऊन बसली. म्हणजे आपला लेखक तिथे जाऊन जे ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ पाहतो, ते पुष्कळदा त्याला दाखवण्यासाठीच मांडलेले असते.

त्या मांडणीच्या बाहेरचा आवाज हवा असेल तर कारोलिना मारिया द जेझुस वाचावी. साओ पाउलोच्या फावेलात कागद आणि भंगार वेचून तीन मुले वाढवणाऱ्या या कृष्णवर्णीय बाईने सापडलेल्या वह्यांत रोजनिशी लिहिली. ती १९६० साली छापली गेली आणि प्रचंड खपली. ‘बलुतं’च्या अठरा वर्षे आधी. या दोन पुस्तकांचा तौलनिक अभ्यास मराठी विभागांत होण्यासारखा आहे, पण आमच्याकडे ब्राझील येतो तो ‘प्रवासवर्णन’ या कप्प्यातून, त्यामुळे कारोलिनाला शिरायला दारच नाही. साओ पाउलो सहलीतून वगळतात. पाहण्यासारखे काही नाही म्हणे. त्याच प्रांतातल्या अफाट उसाच्या फडांत ईशान्येकडून हंगामी तोडणीला येणाऱ्या मजुरांना ‘बोइया-फ्रिया’ म्हणत, म्हणजे थंड जेवण. पहाटे बांधून आणलेले दुपारी गार झालेले खाणारे. यंत्रांनी आता ती तोडणी बहुतांशी घेतली आहे. यंत्रे आल्यावर त्या माणसांचे काय झाले, हे बीडला विचारले जाणारच आहे.

आपल्या परंपरेत हे नव्हते असेही नाही. वरसईचे गोडसे भटजी यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने, घरचे कर्ज फिटावे म्हणून उत्तरेत निघाले आणि सत्तावन्नच्या धुमाळीत सापडले. प्रेक्षणीय स्थळे पाहायला ते गेले नव्हते, म्हणूनच त्यांना दिसले. पंडिता रमाबाईंच्या १८८९च्या पुस्तकाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असे आहे. क्रम पाहावा. लोकस्थिती आधी, प्रवास नंतर. तो क्रम पुढे कधी उलटला आणि लोकस्थिती केव्हा गळून पडली, यावर प्रबंध व्हायला हवा.

उलटवण्यात आमचा वाटा आहे, हे मान्य करून थांबतो. ‘प्रवासवर्णनातील निसर्गचित्रणाची वैशिष्ट्ये सांगा’, ‘लेखकाच्या खेळकर शैलीची चर्चा करा’ हे प्रश्न आम्हीच वर्षानुवर्षे काढले. निसर्ग, शैली, विनोद या तीन खुंट्यांवर उत्तरे टांगायला आम्हीच शिकवले. ‘लेखकाने काय पाहिले नाही?’ हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. या वर्षी तो विचारायचे ठरवले. सत्रान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत दहा गुणांसाठी आम्ही लिहिले : ‘नेमलेल्या प्रवासवर्णनातील एखादे स्थळ निवडून, ते तसे कोणाच्या श्रमातून घडले याविषयी लेखक काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची चर्चा करा.’ प्रश्नपत्रिका तपासणीहून परत आली. प्रश्नाभोवती लाल वर्तुळ होते आणि समासात शेरा : ‘अभ्यासक्रमाबाहेरचा. बदलावा.’

आम्ही ती न बदलता पुन्हा पाठवली आहे. त्या मुलाने दरम्यान ग्रंथालयातून राशेल द केइरोश यांच्या, १९१५च्या दुष्काळावरच्या कादंबरीची चौकशी केली. तिने ती प्रसिद्ध केली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, हे त्याला कुठेतरी वाचायला मिळाले होते. ग्रंथालयात ती नाही. परदेशांची प्रवासवर्णने दोन कपाटे भरून आहेत.